डिसेंबरात केदारकंठा : नऊ वर्षांची लेक आणि ६६ वर्षांचे सासरे बरोबर आहेत, जावं का?

पारिजात_पुणे | ७ सप्टेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारूनच टाकते. आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, नवरा, चौथीतली लेक, सासूबाई आणि सासरे. सासरे निवृत्त शिक्षक, वय ६६, गेली कित्येक वर्षं दर रविवारी सिंहगड. त्यांना एकदा बर्फात चालायचं आहे. गाडीतून उतरून फोटो काढायचे आणि परत बसायचं, तसं नाही. पाठीवर पिशवी घेऊन दोन-तीन दिवस चालायचं. आणि आजोबा जातील तिथे नात जाणारच.

नवऱ्याच्या ऑफिसातली मुलं मागच्या हिवाळ्यात केदारकंठ्याला जाऊन आली. उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानात. देहरादूनहून दिवसभर गाडीने सांकरी, मग चार दिवस चाल, माथा १२,५०० फूट. "सोपा आहे, कोणीही करतं," असं सगळे सांगतात. ती सगळी पंचविशीची आहेत.

आमचा बेत २३-२४ डिसेंबरला निघायचा. लेकीला ती थंडी, ती उंची झेपेल का? सासऱ्यांना रक्तदाबाची एक गोळी आहे, बाकी काही नाही. सासूबाई गुडघ्यांमुळे चालणार नाहीत, पण सांकरीपर्यंत यायचं म्हणतात. ज्यांनी मुलांना किंवा ज्येष्ठांना घेऊन असं काही केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत. "जाऊ नका" असं वाटत असेल तर तेही सांगा, फक्त का ते सांगा.

सह्यवेडा | ७ सप्टेंबर, रात्री ११:१५

जा! सविस्तर उद्या लिहितो.

तळजाईकर | ८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ताई, माझं मत विरुद्ध आहे, राग मानू नका. लेकीला आधी वासोटा दाखवलात का? बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, तासा-दीड तासाचा तो प्रवासच मुलं विसरत नाहीत. पलीकडे उतरलं की कोयना अभयारण्य. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. माथ्यापर्यंत दाट सावली, डिसेंबरात जळवा नाहीत, ऊन बोचत नाही. बाबूकड्याच्या टोकावर पोचल्यावर माझा नातू पाच मिनिटं एक शब्द बोलला नव्हता, आणि तो झोपेतसुद्धा बोलतो.

मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बाहेर पडावं लागतं, म्हणून पहाटे लवकर निघा. राष्ट्रीय उद्यानच हवं असेल तर आपली चांदोली आहे. २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाली. तिथलं फिरणं मुख्यतः गाडीतून, पण झोळंबीच्या सड्यावर थंडीच्या सकाळी उभं राहून बघा. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, एवढ्या लहान मुलीला कशासाठी न्यायचं? हिमालय पळून जात नाही. ती मोठी होईल तेव्हा जाईल.

चिंचगुळ | ८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

काका, हिमालय पळून जात नाही हे खरं, पण आजोबा ६६ चे आहेत. ती मोठी होईल तेव्हा ते ७६ चे असतील.

तळजाईकर | ८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

हा मुद्दा मान्य आहे. मी ७१ चा आहे, मला तो आधी सुचायला हवा होता.

डॉक्टरीणबाई | ८ सप्टेंबर, दुपारी २:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय कुणाला औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात, म्हणून लिहिते.

आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास २,५०० मीटरच्या वर गेलं की कुणालाही होऊ शकतो. केदारकंठ्याचा माथा ३,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत ६३ टक्क्यांच्या जवळपास. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. शरीर याला सरावतं, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ पैसे देऊन विकत मिळत नाही.

लोकांचा एक ठाम गैरसमज आहे की तंदुरुस्त माणसाला हा त्रास होत नाही. होतो. व्यायामाने दम वाढतो, उंचीपासून संरक्षण मिळत नाही. उलट दणकट माणसं भरभर चढतात आणि दुखणं लपवतात, म्हणून जास्त अडकतात. नुसतं वय जास्त आहे म्हणून त्रास जास्त होईल असंही नाही. सासऱ्यांची काळजी करायची ती हृदयासाठी. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करून घ्या, आणि रक्तदाबाची गोळी थंडीत आणि उंचीवर तशीच चालू ठेवायची का, हे त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.

आता मुक्काम बघा. सांकरी साधारण ६,४०० फूट, जुडा का तालाब ९,१००, वरचा तळ ११,२००. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. तलावापासून वरचा तळ सहाशेहून जास्त मीटर वर आहे. म्हणून तलावाशी एक रात्र वाढवा. सांकरीतही दोन रात्री काढा. चार दिवसांचा कार्यक्रम लहान मूल बरोबर असताना सहा दिवसांचा करा.

मुलं "डोकं दुखतंय" असं नीट सांगत नाहीत. किरकिर करतात, जेवत नाहीत, आवडीचा खाऊ पुढे केला तरी तोंड फिरवतात, एकदम गप्प होतात. उंचीवर मूल असं वागलं तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. थांबून बरं वाटलं नाही तर खाली यायचं. बसल्या जागी धाप, खोकला, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, त्याच क्षणी उतरायचं. उतरणं हेच खरं औषध. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी बरेच जण घेतात. ती आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि दोन हजार फुटांवर मिळालेला मित्राचा डोस बारा हजार फुटांवर कुणी घेऊ नये.

आज्जीची_गोधडी | ८ सप्टेंबर, दुपारी ३:१०

डॉक्टर, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. वाचनखूण साठवली.

मुळाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ९:५५

डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय ते आमच्यावर बेतलं होतं, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा याच वाटेवर होतो. आमच्या गटात तीसेक माणसं आणि बहुतेक कॉलेजातली. पहिल्या दिवसापासून आम्ही सगळ्यांच्या शेवटी. दर थांब्यावर आम्ही पोचायचो आणि गट उठायचा. म्हणजे विश्रांती सगळ्यांना मिळाली, आम्हालाच नाही. दुसऱ्या रात्री वरच्या तळावर पोरगं जेवलं नाही. त्यानं गुलाबजामही नको म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मध्यरात्री उलटी झाली. आमच्या गटप्रमुखाला उठवलं, तर "गॅस झाला असेल, पहाटे तीनला निघायचंय, झोपा," असं उत्तर मिळालं.

आम्हाला वाचवलं ते सामान वाहणाऱ्या एका सांकरीच्या माणसाने. त्याने पोराच्या तोंडावर विजेरी मारली, एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाबूजी, नीचे चलो." मुलाला पाठीवर घेतलं आणि अंधारात आम्ही उतरायला लागलो. जुडा का तालाबपर्यंत येता येता पोराने स्वतःहून पाणी मागितलं. सकाळी मॅगी खाल्ली. मी मात्र तिथल्या ओंडक्यावर बसून खूप रडलो.

ताई, जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तीस जणांच्या गटात जाऊ नका. आपल्या घरापुरताच वाटाड्या घ्या, सांकरीचाच घ्या, आणि किती वेगाने चालायचं ते आपलं आपण ठरवा. खर्च जास्त येतो. तो खर्च एखादं वर्ष थांबून करा.

पारिजात_पुणे | ८ सप्टेंबर, रात्री १०:२०

मुळाकाठ, वाचून पोटात गोळा आला. मुलगा आता कसा आहे? परत कधी डोंगरात गेला का?

मुळाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री १०:३१

ठणठणीत. परवाच राजगड करून आला. त्या माणसाला आजही दर दिवाळीला फोन करतो आम्ही.

सह्यवेडा | ९ सप्टेंबर, सकाळी ७:४०

परवा म्हटल्याप्रमाणे सविस्तर. मी ही वाट दोनदा केली आहे, एकदा बहिणीच्या मुलांना घेऊन.

माथ्यावर सूर्योदय बघायचा म्हणून सगळे पहाटे दोन-तीनला निघतात. घरच्या मंडळींबरोबर हे करू नका. सगळ्यात कडाक्याची थंडी तेव्हाच असते, अंधारात बर्फावर रांग लागते, आणि रांगेत उभं राहिलं की मुलांची बोटं गार पडतात. फटफटल्यावर निघा. मात्र दुपारी बर्फ भुसभुशीत होतो आणि हवा बिघडायचा संभवही वाढतो, म्हणून परतायची वेळ घड्याळावर ठरवा. अकरा म्हणजे अकरा. कुठेही असलात तरी वळायचं.

दुसरं म्हणजे उतरायचं कुणी, हे पुण्यातच ठरवा. एकाला त्रास झाला तर कोण सोबत खाली जाणार, कोण वर जाणार, की सगळेच खाली? वर पोचल्यावर यावर चर्चा करू नये. तिथे डोकं नीट चालत नाही आणि प्रत्येकाला दुसऱ्याची हौस मोडल्यासारखं वाटत राहतं.

आणि तारीख बदला. नाताळच्या आठवड्यात सांकरीत लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते. जुडा का तालाबच्या काठी तंबूंची दाटी, वाटेवर प्लॅस्टिक, दहा तंबूंमागे एक शौचालय. डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. बर्फ थोडा कमी असेल, पण वरच्या अंगाला मिळतोच.

निवडुंग | ९ सप्टेंबर, सकाळी ९:१२

शाळा बुडवून? चौथीच्या मुलीची? हे मला पटत नाही. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत जा. नोव्हेंबरात आभाळ स्वच्छ असतं.

सह्यवेडा | ९ सप्टेंबर, सकाळी ९:३०

नोव्हेंबर सुंदरच, पण आजोबांना बर्फात चालायचं आहे. तेव्हा वाटेवर बर्फाचा भरवसा नाही.

चिंचगुळ | ९ सप्टेंबर, सकाळी ९:४४

मी शिक्षिका आहे, माझं मत देते. चौथीत आठ-दहा दिवस बुडाले तर भरून निघतात. वर्गशिक्षिकेला आधी भेटा, खरं कारण सांगा, आणि लेकीला रोज एक पान लिहायला सांगा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने अशी वही आणली होती. नदी, उंची, तापमान, झाडं, सगळं त्यात. भूगोलाचा तो तास त्यानेच घेतला.

निवडुंग | ९ सप्टेंबर, सकाळी १०:०२

शिक्षिकाच म्हणतात तर मी माघार घेतो. पण आजारी असल्याची खोटी चिठ्ठी देऊ नका, एवढं माझं ऐका.

कातळशिल्प | ९ सप्टेंबर, दुपारी १२:१५

थोडं अवांतर, पण आजोबा शिक्षक आहेत म्हणून राहवत नाही. त्यांना नैटवाडला गाडीतून उतरवा. रुपिन आणि सुपिन या दोन नद्या तिथे मिळतात आणि पुढे तिचं नाव टोन्स होतं. ही टोन्स खाली जाऊन यमुनेला मिळते, आणि गंमत म्हणजे संगमाशी टोन्सचं पाणी यमुनेपेक्षा जास्त असतं, नाव मात्र यमुनेचं पुढे चालतं. या खोऱ्यातल्या काही गावांत दुर्योधनाला मान आहे, कर्णाचंही देऊळ आहे. वर गेल्यावर स्वर्गारोहिणी दिसते, उंची ६,२५२ मीटर. पांडव शेवटच्या प्रवासाला तिथून गेले असं तिथली माणसं सांगतात. एकाच खोऱ्यात दोन्ही पक्षांची आठवण सांभाळून ठेवली आहे. मला हे फार मोठं वाटतं.

जंगलही बघत बघत चाला. आधी चीड, मग देवदार आणि बांज म्हणजे ओक, मग बुरांश. बुरांश फुलतो वसंतात, तुम्हाला नुसती पानं दिसतील. नशीब असेल तर मोनाल दिसेल, उत्तराखंडचा राज्यपक्षी. नराच्या पिसांवर ऊन पडलं की मोरकंठी, तांबूस, हिरवा असे रंग झरझर बदलतात. गोविंद पशुविहार १९५५ पासून अभयारण्य आहे आणि १९९० साली राष्ट्रीय उद्यान झालं. हिमबिबट्याही याच जंगलाच्या वरच्या अंगाला राहतो. म्हणून लेकीला सांगा, आपण कुणाच्या तरी घरात चाललोय, आरडाओरडा करायचा नाही.

तळजाईकर | ९ सप्टेंबर, दुपारी १:००

कातळशिल्प, आता मलाच जावंसं वाटायला लागलं.

आज्जीची_गोधडी | ९ सप्टेंबर, दुपारी ४:२५

कपड्यांचं कुणीच लिहिलं नाही! सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतलं काहीही नेऊ नका. सुती कपडा घाम शोषून ओलाच राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. आत थर्मल, त्यावर फ्लीस, मुक्कामाला पिसांचं जाकीट, वर वारा-बर्फ अडवणारं जाकीट. चालताना एखादा थर काढूनच ठेवायचा. घाम येईल एवढं चढवलं की थांबल्यावर हुडहुडी भरते. लोकरीचे मोजे मी घरी विणते, पण पायाला घट्ट बसतील असे दोन-दोन चढवू नका. बोटांना जागा नसेल तर रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, मुलीचे तीन.

झोपताना पाण्याच्या बाटल्या उपड्या ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, मग सकाळी निदान तोंड तरी उघडं राहतं. गरम पाण्याची एक बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या. फोन, विजेरीच्या बॅटऱ्या कुशीत घेऊन झोपा, थंडीत त्या भराभर उतरतात.

खाऊ: डिंकाचे लाडू, तिळाच्या वड्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी केलेल्या गुळपोळ्या. गुळपोळी आठवडाभर टिकते, थंडीत तर दहा दिवस. मेतकूटही न्या. वर जेवणावरची वासना जाते, तेव्हा गरम भात, मेतकूट, तूप एवढंच पोटात जातं.

हिरडा | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

बायकांसाठी एक. शौचालयाचा तंबू असतो, आत खड्डा आणि माती. रात्री एकटीने जाऊ नका, दोघी जा. पाळीची तारीख येत असेल तर उंचीवर ती मागेपुढे होऊ शकते, सामान जास्तीचं ठेवा आणि वापरलेलं सगळं बंद पिशवीतून खाली आणा. ओले कागदी रुमालसुद्धा तिथे पुरू नका. थंडीत काही कुजत नाही. मार्चमध्ये बर्फ वितळतो तेव्हा सगळं जसंच्या तसं वर येतं, मी बघितलंय. आणि रात्री उठावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. बायका हे हमखास करतात आणि मग डोकं धरून बसतात.

पारिजात_पुणे | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बाबांना (सासऱ्यांना) धागा मोठ्याने वाचून दाखवला. मुळाकाठ यांचा प्रतिसाद ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच वही काढली.

ठरलं ते असं. नाताळ रद्द, ५ डिसेंबरला निघणार. गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, पुढे देहरादून. सांकरीत दोन रात्री, तलावाशी दोन, वर एक, आणि एक दिवस हाताशी मोकळा. सासूबाई सांकरीत घरगुती मुक्कामाला. फक्त आमच्यासाठी तिथलाच एक वाटाड्या. आणि बाबांच्या वहीत पहिल्या पानावर: "एकाला उतरावं लागलं तर सगळ्यांनी उतरायचं. परतीची वेळ ११. वाद नाही." खाली चौघांच्या सह्या. लेकीने तिच्या सहीखाली मांजर काढलंय.

डॉक्टरीणबाई | १५ सप्टेंबर, सकाळी ८:००

शाबास. मोकळा दिवस कशासाठीही खर्च करू नका, तोच तुमचा खरा विमा.

पारिजात_पुणे | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. बाबांची स्ट्रेस टेस्ट व्यवस्थित झाली. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने चौघं सिंहगड करतोय, मधल्या दिवशी वेताळ टेकडी. आणि तळजाईकर काका, परवा वासोटा केला! बामणोलीला चौकीवर आमच्या पिशवीतलं प्लॅस्टिक मोजून घेतलं आणि परतताना पुन्हा मोजलं, हे लेकीला फार आवडलं. आता घरात रोज रात्री ती प्लॅस्टिक मोजते.

तळजाईकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:४१

वा! बाबूकडा?

पारिजात_पुणे | १० नोव्हेंबर, रात्री ९:४६

बाबूकड्यावर ती नऊ मिनिटं गप्प होती. तुमच्या नातवाचा विक्रम मोडला.

मुळाकाठ | ३ डिसेंबर, सकाळी १०:१०

सुखरूप जाऊन या. पॉवर बँक विमानात नेत असाल तर हातातल्या पिशवीत... अरे, तुम्ही रेल्वेने चालला आहात. मग गुळपोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

पारिजात_पुणे | १९ डिसेंबर, रात्री १०:१५

परत आलो. सगळे नीट आहोत. माथ्यावर पोचलो नाही. क्रमाने सांगते.

देहरादून ते सांकरी नऊ तास लागले. लेकीला गाडी लागली, पुरोल्यानंतर तिने आल्याच्या वड्या तोंडात धरून डोळे मिटून घेतले. नैटवाडला कातळशिल्प यांनी सांगितल्याप्रमाणे उतरलो. बाबांनी दोन्ही नद्यांचं पाणी हाताने चाखून बघितलं. दोन्ही सारखंच गार, म्हणाले.

जुडा का तालाबचा काठ गोठलेला होता. डॉक्टरीणबाईंचं ऐकून तिथे दुसरी रात्रही थांबलो. दुसऱ्या दिवशी नुसतं थोडं वर जाऊन परत आलो, तिथे बर्फ सुरू झाला. घोट्याएवढा, कोरडा, साखरेसारखा. लेक दहा पावलं चालली आणि थांबली. म्हणाली, "आई, चुरमुऱ्यांवर पाय दिल्यासारखा आवाज येतोय." मग पुढचा अर्धा तास ती आणि आजोबा फक्त आवाज ऐकत चालत होते, सावलीतल्या बर्फाचा वेगळा, उन्हातल्याचा वेगळा.

तिसऱ्या दिवशी वरच्या तळावर पोचलो. आम्हा सगळ्यांचं लक्ष लेकीवर आणि बाबांवर. दोघंही व्यवस्थित, खिचडी खाल्ली. आणि तंबूत माझा नवरा डोकं धरून बसला होता. वय ४१, रोज जिममध्ये जाणारा, पूर्ण वाटेत सगळ्यांच्या पुढे. आधी "ऊन लागलं असेल" म्हणाला. दुपारी दोनला पाणी पोटात ठरेना. वाटाड्याने त्याला सरळ रेषेत चालायला सांगितलं, ते जमत होतं, पण चेहरा पांढराफटक. आम्ही तासभर थांबलो. फरक नाही. साडेतीनला बाबांनी काही न बोलता त्याची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. लेक रडली. "बाबाला वाटाड्याकाकांबरोबर पाठवू, आपण उद्या वर जाऊ," म्हणाली. आजोबांनी वही काढली नाही, नुसतं "मांजर कुणी काढलं होतं?" असं विचारलं. ती उठली आणि स्वतःचे बूट घातले.

अंधार पडता पडता तलावाशी पोचलो. निम्म्या वाटेतच नवऱ्याचं डोकं हलकं झालं होतं. रात्री त्याने मेतकूट-भात दोनदा घेतला.

दुसरा दिवस आमच्याकडे मोकळा होता. परत वर मुक्काम करायचा नाही हे नक्की होतं. नवरा आणि मी तलावाशी थांबलो. बाबा, लेक आणि वाटाड्या उजाडल्यावर निघाले, अकरापर्यंत जितकं जमेल तितकं. वरच्या तळाच्या अलीकडच्या मोकळ्या कुरणापर्यंत गेले. तिथे बर्फ लेकीच्या गुडघ्यापर्यंत होता आणि स्वर्गारोहिणी पूर्ण उघडी. वाटाड्याने फोनवर काढलेला एक फोटो आहे: बाबा काठी बर्फात रोवून उभे आहेत, टोपी हातात घेतलेली. त्या थंडीत टोपी का काढली म्हणून मी विचारलं. "देवळात जाताना पायताण काढतो. तिथे पायताण काढता येत नव्हतं," म्हणाले.

डॉक्टरीणबाई | १९ डिसेंबर, रात्री १०:४०

साडेतीनला उतरायला लागलात, रात्र होऊ दिली नाहीत, हे फार बरोबर केलंत. यजमानांना सांगा, हा कमकुवतपणा नव्हे. पुढच्या वेळी उंचीवर जाताना डॉक्टरांना हा अनुभव आधी सांगा.

मुळाकाठ | १९ डिसेंबर, रात्री ११:०२

टोपीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

निवडुंग | २० डिसेंबर, सकाळी ८:१५

आणि वही? रोज एक पान लिहिलं का?

पारिजात_पुणे | २० डिसेंबर, सकाळी ८:५०

सात पानं झाली. तंबूत शाई गोठली, म्हणून निम्मी पेन्सिलीने आहेत. तंबूच्या आतल्या बाजूला आपल्याच श्वासाचं दव गोठतं आणि सकाळी कापड हललं की तोंडावर झरझर पडतं, याचं अख्खं एक पान आहे. सोमवारी वर्गात वाचणार आहे. सासूबाईंचंही एक पान आहे त्यात. सांकरीतल्या घरमालकिणीला त्यांनी भाजणीचं थालीपीठ शिकवलं आणि तिच्याकडून राजमा शिकून आल्या.

तळजाईकर | २० डिसेंबर, सकाळी ९:०५

ताई, सप्टेंबरात मी "जाऊ नका" म्हणालो होतो. तुम्ही गेलात तशी माणसं जाणार असतील तर माझं म्हणणं मी मागे घेतो. त्या वाटाड्याचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? एप्रिलसाठी विचारतोय, मला थंडी नको, बुरांश फुललेला बघायचा आहे.

ओलीमाती | २ जानेवारी, दुपारी १२:३०

धागा आज पूर्ण वाचला. आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, पुढच्या डिसेंबरात जायचा विचार आहे. एवढ्या लहान मापाचे बर्फातले बूट सांकरीत भाड्याने मिळतात का? तुम्ही लेकीचे कुठून घेतले?

पारिजात_पुणे | २ जानेवारी, रात्री ९:२०

सांकरीत मोठ्यांचं सगळं मिळालं, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधतात ते) आणि मायक्रोस्पाइक्ससुद्धा (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे दात). लहान मापाचे बूट नव्हते. आम्ही पुण्यातच खेळाच्या सामानाच्या दुकानातून घेतले, जाड मोजा घालून मापले आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवली. ऑक्टोबरपासून सिंहगडावर तेच घालायला लावले. पहिल्या रविवारी डावी टाच सोलली, तिथे आतून पट्टी लावली, मग कधी त्रास झाला नाही. माप ३३ आहे. आता तिचा अंगठा टेकायला लागलाय. तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी बसतील असं वाटत असेल तर कोथरूडला येऊन घालून बघा. पट्टी काढलेली नाही.